फिरत्या बोगद्यातला फोटो

थोरल्या मुलीसाठी घर बघायला गेलो होतो, तेव्हा त्या लोकांच्या दारात ट्रॅक्टर उभा होता. लाल, धुतलेला, बॉनेटवर झेंडूचा हार. शेजारी दोन म्हशी. मी बैलांच्या बाजारात वाढलेला माणूस. म्हशींचे दात बघितले, सड बघितले, माल चांगला होता. ट्रॅक्टरच्या टायरला लाथ मारून बघितली, टायरही चांगलं होतं. हे सगळं कुणाचं आहे, एवढंच बघायचं राहिलं. लग्नानंतर पोरगी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा कळलं, ट्रॅक्टर चुलत्याचा आणि म्हशी शेजाऱ्याच्या. आमच्या पाहणीपुरत्या दारात आणून बांधल्या होत्या.

ती सोयरीक आणली होती माझ्या मेहुण्यानं, बायकोच्या धाकट्या भावानं. जाब विचारला तर म्हणाला, "दाजी, मला तरी काय ठाऊक? मला वाटलं त्यांच्याच हायत."

पोरगी नांदली, जावई स्वभावाचा गरीब निघाला, आता तिचं बरं चाललं आहे. तो भाग वेगळा. मला बनवलं गेलं, हे मी विसरलो नाही आणि विसरणारही नाही. मुखेडच्या बाजारात मी दुसऱ्यांचे बैल धरून उभा राहण्यापासून सुरुवात केली. आमच्या घरी स्वतःचा बैल कधी नव्हता. कासरा धरता धरता बैल कळायला लागला, मग माणूस. पुढं दलाल झालो. म्हातारा बैल तरुण दिसावा म्हणून शिंगं साळून तेल लावतात, लंगडा असला तर मऊ मातीतच चालवून दाखवतात, हे सगळं मी पकडलेलं आहे. आज लातुरात माझं पेंड-सरकीचं दुकान आहे, ते कुणाच्या मेहरबानीवर उभं राहिलेलं नाही. अशा माणसाला हार घातलेल्या ट्रॅक्टरनं फसवावं, हे मला झोंबतं.

म्हणून धाकटीच्या वेळी त्याच मेहुण्यानं स्थळ आणलं तेव्हा मी आधीच कान टवकारून बसलो.

मुलगा लातूरच्याच एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारा. आई नाही, वडील एसटीत ड्रायव्हर होते, आता नांदेडला घरी असतात. आमची धाकटी औषधनिर्माण शिकून एका दवाखान्याच्या मेडिकलमध्ये काम करते. दोघांची ओळख आधी झाली होती आणि मेहुणा नावाला मधे होता, असा माझा संशय होता. त्याला माझी हरकत नव्हती. पोरीनं आईला सांगितलं होतं, "मला हेच स्थळ पसंत हाय. अप्पांनी चिडून मोडलं तर मी दुसरं बघणार न्हाई." बायकोनं ते जसंच्या तसं माझ्या कानावर घातलं. म्हणजे सगळं माझ्यावर येऊन ठेपलं होतं.

मी म्हणालो, घर बघायचं. मेहुणा म्हणाला, "दाजी, घराला रंग चालू हाय. सामान सगळं अंगणात काढलंय. बसायला जागा न्हाई. आपण बाहेरच भेटू."

"बाहेर म्हणजे कुठं? स्टँडवर?"

"न्हाई हो. नांदेडला मॉलमध्ये एक गॅलरी झालीय, चित्रांची. भिंतीवर चित्रं असतात, त्याच्यापुढं उभं राहिलं की फोटोत खरं वाटतं. वाघाच्या तोंडात माणूस, ढगात माणूस. पोरांना मोकळं बोलता येईल, आपली बी करमणूक होईल."

मी बायकोकडं बघितलं. ज्या मेहुण्यानं दुसऱ्याच्या म्हशी दाखवल्या, तो आता खोट्याला खरं दाखवणाऱ्या जागीच सोयरीक ठरवायला नेत होता. बायको म्हणाली, "तुमी सगळीकडं चोरच बघता. चला की." मी निघालो, कारण घर का दाखवत नाहीत हे मला तिथं जाऊन शोधायचं होतं.

रविवारी सकाळी लातूरहून आमची गाडी काढली. लोह्याला चहा घेतला. मी सारखा विचार करत होतो. घर नसेलच का? भाड्याचं असेल? की मुलाच्या अंगात काही खोट आहे, जी घरात चालताना, जिना चढताना दिसली असती? मेहुणा मागच्या सीटवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलून बहिणीला देत होता. इतका निवांत माणूस मला कधीच भरवशाचा वाटत नाही.

मॉलच्या वरच्या मजल्यावर ते दोघं उभेच होते. मुलगा उंच, चष्मेवाला. तो वाकून पाया पडला. बाप गोरा, कपाळावर विभूती, पांढरा सदरा आणि खांद्यावरून खाली सोडलेलं रेशीमकाठी उपरणं. मी दोन्ही हात जोडले. त्यानं डावा हात छातीला लावला आणि नुसती मान लववली. उजवा हात उपरण्याबाहेर निघाला नाही. मला ते तिथंच खटकलं. मुलीच्या बापाला हात जोडायला ह्यांचा हात जड होतो काय? मी मनात गाठ मारून ठेवली.

तिकीट-खिडकीतल्या मुलीला मी विचारलं, "सहा जणांचं मिळून काय लावता?"

"काका, फिक्स रेट हाय."

"फिक्स काही नसतं बाई. रिकामी पडलीय सगळी गॅलरी."

"अप्पा," धाकटी दबक्या आवाजात म्हणाली, "हितं तरी नको." मुलानं तोवर तिकिटं काढली होती. तेही मला आवडलं नाही. आधी मिंधं करायचं आणि मग मागणी करायची, ही जुनी रीत आहे.

आत एका भिंतीवर मोठा धबधबा रंगवलेला होता आणि खाली फरशीवर दरी. दरीवर एक फळी, तीही रंगवलेलीच. समोर जमिनीवर पावलांचे ठसे काढले होते. तिथून फोटो काढला की माणूस खरोखर फळीवरून चालल्यासारखा दिसतो. मी मुद्दाम ठशांवर उभा राहिलो नाही. बाजूला जाऊन बघितलं, तर तो धबधबा पिळून वाळत घातलेल्या लुगड्यासारखा वाकडा दिसत होता. भिंतीला हात लावला. गुळगुळीत, गार. म्हणजे सगळी लबाडी त्या ठशांत होती. तुम्हाला कुठं उभं करायचं हे ज्यानं ठरवलं, त्यानं तुम्हाला काय दिसायचं हेही ठरवलं. ट्रॅक्टरच्या वेळी मेहुण्यानं मला बाजेवर नेमकं असं बसवलं होतं, की गोठा दिसावा आणि मागची पडकी भिंत दिसू नये. ते मला तेव्हा आठवलं.

बायकोला मात्र जत्रेत आल्यासारखं झालं होतं. एका भिंतीवर पांढरे पंख रंगवले होते, त्यांच्या मधोमध ती पदर सावरून उभी राहिली. "अहो, बघा, मी उडून राहिले."

"उडा," मी म्हणालो. माझं लक्ष मुलाच्या पायांकडं होतं.

मी ठरवलं होतं, फोटोच काढायचे आहेत तर फोटोतूनच परीक्षा घ्यायची. वाघाच्या जबड्याच्या चित्रापुढं मुलाला उभं केलं. "तोंड उघडा जरा. अजून. घाबरलं पाहिजे माणूस." त्यानं बिचाऱ्यानं आ वासला. मी जवळ जाऊन नीट बघून घेतलं. दात चांगले होते, तंबाखूचा डाग नव्हता. मग फळीवर एका पायावर उभा राहा म्हणालो, तो राहिला. दुसऱ्या पायावर, तोही राहिला. एका खोलीत टेबलखुर्च्या छताला उलट्या ठोकल्या होत्या. तिथं हात वर करून फोटो काढला आणि तो उलटा केला की माणूस वरून लोंबकळल्यासारखा दिसायचा. त्याला तिथं उड्या मारायला लावल्या.

"काका, उडीची गरज न्हाई," तो हसत म्हणाला, "फोटो स्थिरच निघतो."

"मारा हो. चेहऱ्यावर जीव येतो."

त्यानं मारल्या. चष्मा घसरला, पाय घसरला नाही. धाकटी माझ्याकडं बघत होती. तिला माझा बाजार ठाऊक आहे, लहानपणी ती माझ्या खांद्यावर बसून बैल बघायला यायची. तिचा चेहरा लाल होत चालला होता.

मुलगा धड होता. मग खोट कुठं होती? मी बापाकडं वळलो. हा माणूस एकाही चित्रापुढं उभा राहिला नव्हता. "तुमचं चालू द्या," एवढंच म्हणायचा आणि भिंतीकडच्या बाकड्यावर बसायचा. मेहुणा सतत त्याच्या उजव्या अंगाला. बायकोनं पर्समधून शेंगा काढून पुढं केल्या, तर मेहुण्यानं मधेच हात घालून आपणच घेतल्या आणि म्हणाला, "पाव्हण्यांचा सोमवार असतो." त्या दिवशी रविवार होता.

मी म्हणालो, "अरे, आज रविवार हाय."

"तेच की. आदल्या दिवसापासून धरतात."

बाप खाली बघत राहिला. आता माझी खात्री पटली की ह्या दोघांचं काहीतरी ठरलेलं आहे.

शेवटी एक बोगदा होता. मधे लोखंडी पूल, दोन्ही बाजूंना कठडा, आणि भोवती मोठं गोल पिंप फिरत होतं, आतून काळं, त्यावर निळे-पिवळे दिवे. पूल जागचा हलत नव्हता, पण आत पाय टाकला की सगळी जमीन डावीकडं कलंडायची. बायको दोन पावलं टाकून ओरडत मागं आली. पोरं हसत पलीकडं गेली. मेहुणा पुढं धावत जाऊन मोबाइल काढून उभा राहिला आणि ओरडला, "दाजी, पाव्हण्यांना घेऊन या! दोघा व्याह्यांचा एक फोटो!"

अजून सुपारी फुटली नव्हती आणि ह्यानं मला व्याही करून टाकलं होतं. पण पाव्हण्याला एकट्याला सोडणं बरं दिसेना. तो उठला. मी त्याच्या उजव्या बाजूनं चालू लागलो.

पुलाच्या मधोमध आलो तेव्हा त्याचं उपरणं माझ्या हातावर आलं आणि त्याखालून माझी बोटं कुणीतरी धरली.

ज्यांनी बैलबाजार बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं बैलाची किंमत तोंडानं बोलत नाहीत. चारचौघांत दलाल आपली दस्ती, म्हणजे रुमाल, दोघांच्या हातांवर टाकतो आणि त्याखाली बोटं धरून बोली लावतो. किती बोटं धरली, तेवढा आकडा. सोडून पुन्हा धरली म्हणजे बोली चढवली. तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा चालू असतात. माझं सगळं आयुष्य त्या कापडाखाली गेलं आहे. माझी बोटं डोक्याच्या आधी वाचतात.

उपरण्याखाली त्यानं माझी दोन बोटं धरली. सोडली. पुन्हा धरली, आता तीन. पुन्हा सुटली, पुन्हा धरली.

हुंडा. भर बोगद्यात, तोंडानं अक्षर न काढता, हा माणूस मला हुंड्याचा आकडा सांगत होता, आणि वर चढवत होता. घर दाखवलं नाही, हात जोडला नाही, मेहुणा चिकटून राहिला, त्या सगळ्याचा अर्थ मला एका क्षणात लागला. मी हात असा हिसडला की कठड्यावर आदळला. समोर मेहुणा म्हणत होता, "हां, असंच थांबा, मस्त!"

बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा मला काही दिसत नव्हतं. मी ओरडलोच. "बोली लावून राहिलाव का? माझी पोरगी काय बाजारात बांधलीय? मागायचं तर तोंडानं मागा! कापडाखालून कशाला मागता?"

तिकिटाची मुलगी धावत आली. एक जोडपं लेकराला उचलून बाजूला झालं. बाप पुलावरून कठडा धरत धरत बाहेर आला आणि म्हणाला, "कसली बोली?"

"बोटं कुणी धरली माझी?"

"अप्पा," धाकटी मधे आली. "बोली कोण लावून राहिलंय? सकाळपासून तुमीच त्याचे दात मोजून राहिलाव. उड्या मारायला लावल्याव. बाजार तर तुमीच मांडलाय हितं."

बापानं तेव्हा डाव्या हातानं उपरणं खांद्यावरून ओढून काढलं. उजवा हात बाहेर आला. बोटं आत वळलेली, वाळक्या शेंगेसारखी, आणि पूर्ण हात बारीक थरथरत होता. "मला चक्कर आली," तो म्हणाला. "धरायला गेलो तुम्हाला. धरवंना. सुटायचं, मग पुन्हा धरायचो. लकवा मारून गेला ह्याच्यावरून. ह्याच हातानं स्टेअरिंग धरलं नोकरीभर. आता चहाचा कप धरवत न्हाई."

ह्याला बैलबाजार म्हणजे काय हे समजावून सांगावं लागेल, हे तिथं माझ्या लक्षात आलं. त्याला ती भाषाच येत नव्हती. तो ड्रायव्हर होता.

मी मेहुण्याकडं वळलो. "तुला ठाऊक होतं?"

"दाजी, एक ठिकाण असंच मोडलं त्यांचं. हात बघून लोक उठून गेले. म्हणले पोरीच्या गळ्यात सासऱ्याचं दुखणं. घरी गेलो असतो तर चहा आला असता, कप धरताना दिसलं असतं. रंगाचं निमित्त बी होतं. म्हणलं हितं समद्यांचे डोळे चित्रांवर राहतील."

"आणि हिला?"

धाकटी म्हणाली, "मला त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलंय."

म्हणजे जगाला माहीत होतं. फक्त मला नव्हतं.

मी काही बोलण्याआधी बाप मुलाला म्हणाला, "गाडी काढ. झालं आपलं." आणि तो जिन्याकडं निघाला. मुलगा जागेवरच थांबला, एकदा बापाकडं, एकदा धाकटीकडं बघत. मग तो बापामागं गेला. धाकटीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती त्या रंगवलेल्या दरीकडं तोंड करून उभी राहिली.

बाजारात सौदा मोडून उठणारे मी शेकडो बघितले आहेत. नाटक करून उठणारा चार पावलं गेला की मागं बघतो, हाक येते का ते. थोडा रेंगाळतो, चपलेचा अंगठा नीट करतो. मी त्या म्हाताऱ्याकडं बघत होतो. त्यानं मागं बघितलं नाही. लिफ्टकडं गेला नाही, पायऱ्याच धरल्या, डाव्या हातानं कठडा धरून. उपरणं खाली फरशीवरच पडलं होतं आणि तो वाकडा हात आता उघडाच, सगळ्यांच्या देखत लोंबत होता. ज्याला काही विकायचं असतं तो असा जात नाही.

मी उपरणं उचललं आणि धावलो. अर्ध्या जिन्यात त्याला गाठलं.

"घर दाखवा," मी म्हणालो.

"आता कशाला?"

"मला घर बघायचंच होतं. घरासाठी आलोय मी लातूरहून. ही चित्रं बघायला न्हाई आलो."

"रंग चालू हाय."

"तेच बघायचंय."

तो कठडा धरून पूर्ण माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "लई संशयी माणूस हाव तुमी."

"हाव," मी म्हणालो. उपरणं त्याच्या खांद्यावर टाकलं, पण हात झाकला नाही.

घर एका जुन्या वसाहतीत होतं, दोन खोल्या आणि वर पत्रा. अंगणात खरोखर पलंग, कपाट, देवाचा फोटो, भांडी, सगळं काढून मांडलं होतं. मी आत गेलो आणि सवयीनं भिंतीवर पंजा टेकवला. सकाळपासून मी भिंतींना हात लावून बघत होतो. ह्या भिंतीचा रंग ओला होता. माझा तळहात फिकट हिरवा झाला आणि भिंतीवर पाच बोटं उठली.

"झालं समाधान?" बायकोनं विचारलं.

"घर कुणाच्या नावावर हाय?" मी विचारलं. धाकटीनं कपाळाला हात लावला, पण ती हसली. बापानं सांगितलं, त्याच्याच. मी शेजारच्या घरात पाणी मागायच्या निमित्तानं जाऊन तेही विचारून आलो.

अंगणात पलंगावर बसून चहा झाला. बापानं डाव्या हातानं बशीत ओतून घेतला, थोडा सांडला, ते न बघितल्याचं सोंग कुणी केलं नाही. मुलानं वाकून त्याचं धोतर पुसलं आणि पुन्हा बोलायला लागला, जणू हे रोजचंच. ते मी बघितलं. दात, पाय आणि उड्या ह्यात जे कळलं नव्हतं ते त्या पुसण्यात कळलं. सुपारी तिथंच फुटली. ती फोडायला बापानं अडकित्ता माझ्या हातात दिला, कारण त्याला दाबवत नव्हता. रंग लागलेल्या हातानंच मी ती फोडली.

मेहुण्याला मी लग्नात सगळ्यांत शेवटी फेटा बांधायला लावला. त्याला ते झोंबलं, आणि मला ते हवं होतं. एकदा म्हशींचा मालक लपवला, एकदा हात लपवला. दुसऱ्यांदा निघालेली गोष्ट चांगली होती म्हणून लपवणं माफ होत नाही.

बोगद्यातला फोटो त्यानं खरंच काढला होता. दिव्यांच्या रेषांत दोन म्हातारे एका बाजूला कलंडलेले, मधे उपरणं, त्याखाली दोघांचे हात, आणि माझा चेहरा खून करायला निघाल्यासारखा. धाकटीनं तो मोठा करून माझ्या दुकानात गल्ल्याच्या मागं लावला. मी दोनदा काढून ठेवला, तिनं दोनदा परत लावला. पेंड घ्यायला जुने दलाल येतात, फोटो बघतात आणि डोळे बारीक करून विचारतात, "कितीला सुटला हो सौदा?"

मी सांगत नाही. त्यांना वाटतं, मी आकडा लपवून राहिलो आहे.